तक्रारीनंतर ऑफिस उलटलं तर

नमस्कार मंडळी. लैंगिक छळाची तक्रार कशी करायची हे आता बऱ्याच जणींना माहितीये, पॉशच्या, म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याच्या, ट्रेनिंगमध्ये सांगतात. पण तक्रार दिल्यावर मीटिंगला बोलावणं बंद होतं, जिचं रेटिंग कायम चांगलं तिला अचानक "परफॉर्मन्स घसरलाय" असा मेल येतो, नाहीतर बदलीची ऑर्डरच हातात पडते, तेव्हा काय करायचं हे कुणीच सांगत नाही. आणि हे सगळं इतकं नियमात बसवून केलेलं असतं की तिलाच वाटायला लागतं, माझंच काही चुकतंय का. नाही, तुमचं काहीही चुकत नाहीये.

या कायद्यात सूड उगवण्यावर वेगळं कलम नाही, ही मोठी उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण कलम 3 मध्ये एक आधार आहे. नोकरीत नुकसान करायची उघड किंवा आडून दिलेली धमकी, कामात ढवळाढवळ, दहशतीचं वातावरण, हे छळाशी जोडलेलं असेल तर तेही लैंगिक छळातच मोडू शकतं. म्हणजे नंतर जे सुरू झालं तेसुद्धा ऑफिसच्या अंतर्गत तक्रार समितीपुढे लेखी मांडता येतं. मुदत शेवटच्या घटनेपासून 3 महिने, कारण पटलं तर समिती आणखी 3 महिने वाढवून देऊ शकते. तक्रार मालकाविरुद्धच असेल किंवा ऑफिसात दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

चौकशी चालू असताना अर्ज करून तुम्ही स्वतःची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली मागू शकता, 3 महिन्यांपर्यंत रजा मागू शकता, तीही तुमच्या हक्काच्या रजेतून न कापता, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे, तुमचं अप्रेझल त्या माणसाने लिहू नये अशी मागणी करू शकता. हे आपोआप होत नाही, लेखीच मागावं लागतं, म्हणून तक्रारीसोबतच हा अर्ज देऊन टाका आणि पोच घ्या.

बदलीबद्दल एक निकाल लक्षात ठेवा. एका सरकारी बँकेतल्या वरिष्ठ महिला अधिकाऱ्याने शाखेतले गैरव्यवहार आणि लैंगिक छळ, दोन्हीबद्दल तक्रारी केल्या होत्या, तर तिला इंदूरहून जबलपूर जिल्ह्यातल्या एका शाखेत पाठवलं, जिथलं पद तिच्यापेक्षा खूप खालच्या अधिकाऱ्याचं होतं. बदली हा प्रशासनाचा अधिकार, असं बँक म्हणत राहिली. हायकोर्टाने ती बदली रद्द केली, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती रद्दच ठेवली, तिला परत इंदूरला नेमायला सांगितलं आणि वर 50,000 रुपये खर्चही द्यायला लावला. सरकारी बँकेत असाल तर असं हायकोर्टात जाता येतं, थेट सरकारी खात्यात असाल तर बहुतेकदा आधी प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. खाजगी नोकरीत काढून टाकलं आणि तुम्ही कायद्याने कामगार ठरत असाल तर कामगार खात्याकडे दाद मागता येते. मॅनेजर वगैरे पदावर असाल तर वाट वेगळी, तिथे अपॉइंटमेंट लेटर घेऊन वकिलाकडे जा. धमक्या येत असतील तर पोलीस तक्रार वेगळी करता येते, समितीचा निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही.

"सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल" असं एचआरवाले म्हणाले तर घाबरू नका, नुसता पुरावा कमी पडला म्हणून कारवाई करता येत नाही, हे कलम 14 मध्येच लिहिलंय.

आता कागद. आधीची अप्रेझल लेटर्स, कौतुकाचे मेल, तक्रारीची तारीख आणि त्यानंतर काय काय बदललं त्याच्या तारखा, हे सगळं ओळीने लावलं की सूड आपोआप दिसतो. फक्त कंपनीचा गोपनीय डेटा स्वतःच्या मेलवर पाठवू नका, त्यांना आयतं कारण मिळतं. तोंडी काही सांगितलं तर त्याच संध्याकाळी मेल टाका, "आज आपण मला असं असं सांगितलंत". आणि राजीनामा, कितीही दबाव आला तरी त्या केबिनमध्ये बसून सही करू नका, विचार करून कळवते म्हणा आणि उठा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तिथे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन 15100, लिहून घ्या.