वाफसा येऊ द्या

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, 'दसऱ्याच्या सुमारास परसबागेत काय पेरावं?' पुढच्या रांगेत वह्याही उघडलेल्या दिसतायत. यादी सांगणारच आहे. पण काय पेरायचं याआधी केव्हा पेरायचं, यावर मला जरा बोलू द्या, कारण आपल्याकडे बी वाया जातं ते बहुतेक तिथेच.

इथे सोलापूरकडचं कुणी आहे का? हां, आहेत. तुमच्याकडे मालदांडी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर ते पीक उभं राहतं. पण ओल आहे म्हणून कुणी चिखलात पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, घालत नाही. उघडीप मिळाली, वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की मग पेरणी. शेतात जे सगळ्यांना कळतं, ते सोसायटीच्या बागेत का कळू नये?

आमच्या सोसायटीत काय होतं सांगते. गणपती उठले की ठेकेदाराची दोन माणसं कुदळी घेऊन येतात. आदल्या रात्री पाऊस झालेला, माती काळी, बुटाला चिकटून येतेय. खणू नका म्हटलं, तर म्हणतात, "आज खणायचा दिवस ठरलाय." दुपारपर्यंत सगळे वाफे खणून, उलटेपालटे करून मोकळे! काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त. ओली असताना खणली, तुडवली की तिची घडण मोडते, हवेच्या जागा बुजतात. वर ऑक्टोबरचं ऊन पडलं की अशी ढेकळं होतात की कुदळीचा दांडा हलतो. मेथी उगवली ती भेगाभेगांतून. आणि निदान काय, तर बी खराब निघालं! दरवर्षी बिचाऱ्या बियाण्यालाच दोष. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ती माती चांगली आहे आणि तिला फक्त चार कोरडे दिवस हवे होते.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. वीतभर खालची मूठभर माती घ्या, दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर खणा. नुसता चपटा झाला तर घरी जा, चहा घ्या, दोन दिवसांनी परत या. हस्ताचा पाऊस अजून यायचा असेल तर घाई मुळीच नको. गॅलरीतल्या कुंडीची भोकं तेवढी मोकळी आहेत ना ते बघा.

आणखी एक. डब्यात जुनं बी असेल तर घटस्थापनेला घटाशेजारी एका वाटीत वेगळी माती घेऊन त्यातले मोजून वीस दाणे पेरा. दसऱ्यापर्यंत मेथी-मुळ्याचं खरंखोटं कळतं. धने मात्र सावकाश उगवतात, त्यांना आणखी थोडे दिवस द्या.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा यादी भराभर लिहून घ्या.

सगळं एकाच दिवशी पेरू नका, दोन हप्ते करा. वाफसा येताच मेथी, मुळा, घेवडा, वाल. टोमॅटो, वांगी, मिरचीची महिन्याभराची रोपं तयार असतील तर तीही आत्ताच, संध्याकाळी लावा. कोथिंबिरीसाठी धने हलकेच रगडून दोन फाकी करा, कारण एका धन्यात दोन बिया असतात. फ्लॉवरचं बी घेताना लवकरचा वाण की उशिराचा, ते दुकानदाराला विचाराच. उशिराचा वाण उकाड्यात लावला तर नुसती पानं वाढतात आणि लवकरचा थंडीत लावला तर बटणाएवढा गड्डा धरतो.

गाजर, बीट, पालक, वाटाणा यांना ऑक्टोबरचा उकाडा मानवत नाही. ते दिवाळीच्या आसपास, रात्री गार व्हायला लागल्या की पेरा. गाजर-मुळ्याची रोपं करून लावू नका, मुळं वाकडी होतात. बी जागेवरच टाका आणि मग विरळणी करा. विरळणीत निघालेल्या मुळ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, तो फेकू नका.

लसूण ऑक्टोबरअखेरपर्यंत लावा. पाकळ्या सोलायच्या नाहीत, टोक वर ठेवायचं, दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर. साधारण चार महिन्यांनी पात पिवळी पडून मान टाकायला लागली की काढणी. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा, नाहीतर गड्डे टिकत नाहीत. कांद्याचं बी आत्ता गादीवाफ्यावर, म्हणजे जरा उंच केलेल्या वाफ्यावर टाका, दीड-दोन महिन्यांत रोपं लावणीला येतील. कांद्याच्या वाणांबद्दल बोलायचं राहिलं, ते खाली चहाच्या वेळी विचारा.