आधी ब्रूच उलटा करा

हा काळा ब्रूच आजीच्या डब्यातून निघालाय. सोन्याचा फुजी डोंगर, खाली पाइनचं झाड, एक छोटीशी होडी. घरच्यांना एवढंच माहीत की जपानी आहे आणि "खूप जुना" आहे. आता खूप जुनं तर प्रत्येकाच्या घरात काहीतरी असतंच, त्यामुळे ते सोडा आणि ब्रूच उलटा करा.

१८७६ मध्ये जपानच्या मेजी सरकारने (मेजी म्हणजे १८६८ ते १९१२ चा काळ) तलवार लावून फिरायला बंदी घातली आणि मुठीवर, त्सुबावर म्हणजे मुठीपुढच्या चकतीवर नक्षी करणाऱ्या पिढीजात कारागिरांचा धंदाच बसला. मग काय, तेच हात बटणं, बकल, ब्रूच करायला लागले, गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेचं. त्या काळातले भारी नग बरेचदा शाकुदोचे, म्हणजे तांब्यात थोडंसं सोनं घातलेला मिश्रधातू, रोकुशोच्या म्हणजे तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळला की निळसर काळा होतो. तो काळा थर पातळ असतो बरं का, त्यामुळे प्लीज पितांबरी घेऊन बसू नका.

क्योतोचं झोगान, म्हणजे धातूत धातू बसवायचं काम, वेगळं. लोखंडावर छिन्नीने इतक्या बारीक उभ्या-आडव्या रेघा मारायच्या की कापडाच्या विणीसारखं दिसतं, त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकून बसवायचा आणि मग बाकीचं लोखंड गंज चढवून काळं करायचं. आपल्याकडची कोफ्तगरी, म्हणजे लोखंडावरचं सोन्याचं काम, बघितली असेल तर लगेच कळेल. फ्रीजवरचं मॅग्नेट काढा आणि ब्रूचच्या मुख्य पत्र्याला लावा, पिनेला नाही, पिन स्टीलची असू शकते. चिकटलं तर लोखंड, शाकुदोला चिकटणार नाही.

आता पिन. साधा सी आकाराचा हूक, लॉक नाही, तर जुना असण्याचा चान्स जास्त. फिरणारं लॉक बहुतेक १९१० नंतरचं, पण पिना बदलतातही, त्यामुळे एकट्या पिनेवर विसंबू नका.

शिक्का असेल तर मजा. नावापुढे "साकु" म्हणजे बनवलं, "कोकु" म्हणजे कोरलं. कोमाई हे क्योतोचं मोठं घराणं, पण मोठं नाव दिसलं की आधी काम बघा, कारण नाव कोरायला काय लागतं. इंग्रजीत "निप्पॉन" असेल तर साधारण १८९१ ते १९२१ मधला, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे, नंतर "जपान" लिहायला लागले. "ऑक्युपाइड जपान" म्हणजे महायुद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतचा. काहीच नसेल तर जुनाच असेल असं नाही, टुरिस्टने क्योतोतच विकत घेतलेल्या नगावर देशाचं नाव कशाला हवं.

आपल्या ब्रूचला मॅग्नेट चिकटलं. मागे फिरणारं लॉक, आणि भिंगाखाली इंग्रजीत "अमिता", म्हणजे क्योतोची झोगान करणारी कंपनी, बाजूला "२४ के", म्हणजे २४ कॅरेट सोनं. म्हणजे मेजी नाही, विसाव्या शतकातला, क्योतोत टुरिस्टांसाठी केलेला. आजीच्या कपाटातला तो जुना पासपोर्ट आता शोधायला पाहिजे.