एक पत्ता, तीन ठिकाणी

नमस्कार मंडळी. बोर्डावरचा विषय जरा भारदस्त झालाय, पण मला खरं एकच गोष्ट सांगायचीय, ती म्हणजे सबमॉड्यूलचा पत्ता गिट तीन ठिकाणी लिहून ठेवतं आणि ते मुद्दाम ठेवतं. गिट म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणारं साधन, रेपो म्हणजे त्यातला एका प्रोजेक्टचा साठा, आणि सबमॉड्यूल म्हणजे एका रेपोच्या पोटात बसवलेला दुसरा रेपो. सबमॉड्यूलला कधीच शिव्या न घातलेलं कोण आहे इथे? एक हात वर आलाय, म्हणजे तुम्ही अजून वापरलेलं नाही.

आमच्या एका जुन्या ऑफिसात गिटचा सर्व्हर बदलला. मी शहाणपणा करून डॉट गिटमॉड्यूल्समध्ये, म्हणजे सबमॉड्यूलचे पत्ते असलेल्या फाइलीत, आमच्या सबमॉड्यूलची म्हणजे एका लायब्ररीची नवीन यूआरएल टाकली, कमिट केलं (बदलाची नोंद केली), पुश केलं (सर्व्हरवर चढवलं) आणि घरी गेलो. जुना सर्व्हर बंद केला असता तर बरं झालं असतं, पण तो 'राहू दे जरा' म्हणून चालू ठेवलेला. दोन दिवसांनी लायब्ररीत नवे कमिट पडले आणि सगळ्यांकडे एकच रडगाणं, फेच झालं, म्हणजे सर्व्हरवरून बदल आणले, पण त्यात प्रोजेक्टला हवा तो कमिट नाहीये. आता संशय कोणावर? माझ्यावर, पुश करायला विसरला असणार. मी ब्राउझरमध्ये कमिट उघडून दाखवतोय, हा बघा, आहे की, आणि माझ्याच मशीनवर अपडेट फेल! चालत होतं फक्त कालच जॉइन झालेल्या इंटर्नकडे, बिचाऱ्याला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. एकाने सबमॉड्यूलचं फोल्डर उडवून बघितलं, तरी तेच, कारण खरा रेपो डॉट गिटच्या आत मॉड्यूल्स फोल्डरमध्ये बसलेला असतो (२०११ पासून, १.७.८ मध्ये आलं ते). शेवटी अख्खा प्रोजेक्ट डिलीट करून परत क्लोन, म्हणजे सर्व्हरवरून नवी प्रत, आणि पुढे कित्येक महिने ऑफिसात कुठल्याही दुखण्यावर हाच काढा.

औषध होतं गिट सबमॉड्यूल सिंक ही कमांड, पत्रकातला नवा पत्ता तुमच्या मशीनवर उतरवणारी, दोन सेकंदांची. कारण डॉट गिटमॉड्यूल्स ही नुसती लग्नपत्रिका, सगळ्यांना वाटलेली. सबमॉड्यूल इनिट केलं की त्यातला पत्ता तुमच्या लोकल कॉन्फिगमध्ये, म्हणजे तुमच्या मशीनवरच्या सेटिंगच्या वहीत उतरतो, क्लोन झालं की सबमॉड्यूलच्या स्वतःच्या ओरिजिनमध्ये (तो कुठून आणला त्या नोंदीत), आणि एकदा उतरला की पत्रिका बदलली तरी तुमची वही आपोआप बदलत नाही. बदलूही नये! पत्रिका कोणीही छापू शकतो, उद्या कोणी पुशमध्ये पत्ता बदलला तर तुमचं मशीन गुपचूप तिकडे जाणार का? शिवाय दोन वर्षांपूर्वीच्या कमिटवर गेलात तर पत्रिकेत मेलेला सर्व्हर असतो, वहीतला नवा पत्ता तेव्हा वाचवतो.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं. गिटसारख्या बाकीच्या साधनांची, एसव्हीएन आणि मर्क्युरियलची, तुलना करणार होतो ती पळत पळत. एसव्हीएनमध्ये सबमॉड्यूलच्या जागी एक्स्टर्नल्स, ही डायरेक्टरीवरची प्रॉपर्टी, रिव्हिजन म्हणजे नेमकी आवृत्ती बांधली नाही तर दर अपडेटला जे लेटेस्ट असेल ते, रिलेटिव्ह यूआरएल १.५ मध्ये आल्या, त्याआधी सर्व्हर हलला की जुनी रिव्हिजन जुन्याच पत्त्यावर जाणार. मर्क्युरियलमध्ये पत्ता एका फाइलीत, कमिट दुसऱ्या फाइलीत, पत्ता फिरवायला सबपाथ्स नावाची सेटिंग, आणि त्यांची स्वतःची मंडळीच म्हणतात की हे अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरा. गिटमध्ये सबमॉड्यूलचा कुठला कमिट हवा ते बाहेरच्या रेपोच्या ट्रीमध्येच, म्हणजे फाइलींच्या यादीतच असतं, १६०००० मोडची एंट्री. आणि पत्रिकेवर आंधळा विश्वास नको म्हटलं ते उगाच नाही, २०१८ मध्ये सबमॉड्यूलच्या नावात '../' घुसवून रिकर्सिव्ह, म्हणजे सबमॉड्यूलसकट, क्लोन करणाऱ्याच्या मशीनवर कोड चालवता येत होता, गिट २.१७.१ मध्ये ते बुजवलं.

उठताय ना, फक्त एक. आईबापाची लोकल कॉन्फिग पोराला मिळत नाही, म्हणजे बाहेरच्या रेपोची सबमॉड्यूलला. बाहेरच्या रेपोत ऑफिसचा ईमेल सेट केलाय म्हणून निर्धास्त असाल तर आत्ता लॅपटॉप उघडा, सबमॉड्यूलमध्ये जा आणि गिट कॉन्फिग यूजर डॉट ईमेल मारून बघा काय येतंय. माझा कॉलेजचा आयडी निघाला होता, तोसुद्धा क्लायंटच्या रेपोत.