दोन तास मेन स्विच बंद

(पडदा काळा. खुर्ची सरकल्याचा आवाज. कुणीतरी कशाला तरी धडकतं.)

"टॉर्च कुठंय?"

"फ्रीजवर."

"नाहीये."

"मग खालच्या ड्रॉवरमध्ये बघ. वायरींच्या गुंत्याखाली असेल."

टॉर्च सापडायला या घराला सहा मिनिटं लागली. सापडली, पण लागली नाही. सेल आतल्या आत गळले होते आणि स्प्रिंगवर पांढरी भुकटी साचली होती.

(खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे. शेजारच्या घरात टीव्हीचा निळसर उजेड.)

वीज गेलेली नाही. संध्याकाळी साडेसात वाजता आईनं स्वतःच मेन स्विच खाली पाडला. हिवाळा तोंडावर आलाय. दोन तास घर विजेविना चालवून बघायचं, एवढंच ठरलंय. घरात पाच माणसं: आजी, आई, बाबा, शाळेत जाणारी मुलगी आणि दीड वर्षाचं बाळ. मुलीच्या मांडीवर वही आहे. जे जे अडेल ते ती लिहून घेणार. पहिल्या ओळीत टॉर्च आली.

दुसऱ्या ओळीत हीटर. तो गॅसवर चालतो, म्हणून बाबा निर्धास्त होते. पण गॅस पेटवणारी ठिणगी विजेची, आणि गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखाही विजेचाच. म्हणजे गॅस आहे, पण ऊब नाही. बाबा थोडा वेळ त्या यंत्रासमोर नुसतेच उभे राहिले.

(जुनी छायाचित्रं: बर्फाच्या भारानं वाकलेले विजेचे मनोरे.)

जानेवारी १९९८. कॅनडातला क्वेबेक प्रांत. पाऊस पडत होता तो पाण्याचाच, पण तारेला टेकला की तिथंच गोठत होता. दिवसामागून दिवस थरावर थर चढत गेले. त्या वजनानं पोलादी मनोरे गुडघे मोडल्यासारखे खाली बसले. काही घरांत वीज परत यायला महिना लागला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये वेगळंच घडलं. मनोरे उभे होते. गोठले ते गॅसचे पाइप, गॅसच्या विहिरींवरची उपकरणं आणि वीजकेंद्रांतली यंत्रं, कारण एवढ्या थंडीसाठी ती बांधलेलीच नव्हती. इकडे प्रत्येक घरातला हीटर एकाच वेळी चालू, तिकडे वीज तयार होईना. शेवटी वीजजाळं सांभाळणाऱ्यांनी मुद्दाम भागामागून भाग बंद केले. तसं केलं नसतं तर सगळं जाळंच कोसळलं असतं. त्या क्षणापासून आपण ४ मिनिटं ३७ सेकंदांवर होतो, असं त्यांनी नंतर सांगितलं. ४५ लाखांहून अधिक घरं आणि व्यवसाय अंधारात गेले. राज्याच्या आरोग्य विभागानं २४६ मृत्यू नोंदवले. बहुतेक थंडीनं गेले. काही मात्र थंडीनं नाही, ऊब मिळवण्याच्या खटपटीत गेले.

(घरात परत. बाबा पडवीतून कोळशाची शेगडी उचलून आणतात. आई दारातच हात आडवा करते.)

हा हात आडवा करणं, आमच्या मते, या दोन तासांतली सगळ्यात महत्त्वाची घटना आहे.

कोळसा, लाकूड, गॅस, पेट्रोल, काहीही अपुऱ्या हवेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना चुरचुरत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. माणसाला वाटतं, थंडी बाधली, जरा पडावं. आणि तो पडतो, ते तिथंच. घरातल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ते दुखणं सर्दीचं नव्हे. त्याच क्षणी सगळ्यांनी बाहेर पडायचं, मदत बोलवायची, आणि कितीही थंडी वाजली तरी परत आत जायचं नाही.

म्हणून कोळशाची शेगडी घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. स्वयंपाकाची गॅस शेगडी पेटवून खोली तापवायची, हेही नाही. जनरेटर असेल तर तो घरापासून किमान ६ मीटर लांब, धुराचं तोंड दारंखिडक्यांपासून वळवून. सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावावा. टॉर्चच्या आधी घ्यायची वस्तू कुठली, असं आम्हाला विचाराल तर ही.

जनरेटरचं आणखी एक. काही जण त्याची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतात. सगळं घर एका फटक्यात उजळतं म्हणून. ती वीज घरापाशी थांबत नाही. उलटी बाहेर जाते, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब कित्येक पटींनी वाढतो, आणि तुमचीच लाइन दुरुस्त करायला चढलेल्या लाइनमनच्या हातात ती जिवंत तार असते. फ्रीज किंवा दिवा जोडायचा तर थेट जनरेटरला, जाड वायरनं. सगळं घर जोडायचं तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी एकतर बाहेरच्या लाइनला नाहीतर जनरेटरलाच जोडणारा स्विच, बसवून घ्यायचा, तोही हिवाळ्याआधी.

(मेणबत्तीकडे जाणारा मुलीचा हात. आजी मान हलवते.)

मेणबत्ती छान दिसते. पण पांघरुणं, पडदे, रांगतं बाळ आणि पेंगणारी माणसं असलेल्या घरात ती नको. डोक्याला बांधायचा छोटा दिवा मिळतो, दोन्ही हात मोकळे राहतात. माणशी एक. सेल दिव्यात घालून न ठेवता शेजारी ठेवावेत.

मग ऊब आणायची कुठून? आहे ती जाऊ द्यायची नाही. स्वस्थ बसलेलं माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतं. पाच माणसं पाच खोल्यांत पांगली तर ती वाया गेली. एकाच लहान खोलीत बसली तर खोलीला जाणवते. या घरानं मधली खोली निवडली, कारण तिला एकच खिडकी आहे. खिडकीवर जाड पांघरूण टांगलं, दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून सारला, जमिनीवर गाद्या पसरल्या. अंगावर एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे, कारण मधली हवा अडून राहते. कानटोपी आणि कोरडे पायमोजे हवेतच. घामानं भिजलेला कपडा आधी बदलायचा.

आजी म्हणाली, "मला नाही वाजत एवढी थंडी."

इथं सावध व्हायला हवं. वय वाढलं की थंडीची जाणीव बोथट होते. घरात १५-१६ अंश सेल्सिअस तापमान असलं तरी म्हाताऱ्या माणसाच्या शरीराचं तापमान घसरत जाऊ शकतं. ते ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. माणूस अडखळत बोलतो, बटण लागत नाही, विचारलेलं कळत नाही. अंगाची थरथर थांबली तर हायसं वाटून घेऊ नये. तो बिघडल्याचा इशारा असू शकतो. अशा माणसाला कोरडं करून छाती, मान, डोकं आधी उबेत घ्यायचं आणि डॉक्टर गाठायचा. मद्यानं ऊब येते हा गैरसमज आहे. त्यानं त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं, आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

बाळाचं उलटं आहे. त्याला जाड कपडे घालावेत, पण मोठ्यांच्या मधोमध, ढीगभर पांघरुणांत झोपवू नये. श्वास कोंडण्याची भीती असते.

(नळातून थेंब थेंब पाणी. शेजारी भरलेले कॅन.)

पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, तेही फक्त पिण्या-रांधण्यापुरतं आणि तोंड धुण्यापुरतं. पाच माणसं, तीन दिवस: ६० लिटर. मुलीनं गुणाकार केला आणि घरातले कॅन मोजले. १२ लिटर निघालं. पंप विजेवर असेल तर शौचालयाचं पाणी वेगळं साठवावं लागेल. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. पाइप फुटतो तो बहुधा बर्फाची गुठळी आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबानं. म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ थेंब थेंब चालू ठेवतात. आणि फुटलाच, तर मुख्य कॉक कुठं आहे? बाबांना माहीत होतं. आईला नव्हतं. वहीत आणखी एक ओळ.

फ्रीजचं सोपं आहे: दार उघडायचं नाही. बंद राहिला तर आतलं सुमारे चार तास टिकतं, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. बाहेर सगळं गोठलेलं असताना आत अन्न खराब होणं, हा थंडीतल्या अंधाराचा विनोदच आहे. बाहेर पाण्याच्या बाटल्या गोठवा आणि त्या फ्रीजमध्ये ठेवा. अन्न मात्र बर्फात उघडं ठेवू नका. दुपारचं ऊन त्यावर पडतं आणि जनावरंही येतात.

आजीचं इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं. ते बाहेर थंडीत ठेवायचं बाबांच्या मनात आलं. तसं अजिबात करू नये, कारण गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही, फेकावं लागतं. वापरात असलेली कुपी साध्या खोलीच्या तापमानात चार आठवड्यांच्या आसपास चालते; नेमके दिवस खोक्यावर छापलेले असतात. ज्यांच्याकडे ऑक्सिजनचं यंत्र आहे त्यांनी पर्यायी सिलिंडर आणि हलवायची जागा आजच ठरवायला हवी.

फोनचा चार्ज १८ टक्के निघाला. पॉवर बँक रिकामी. आवाजी कॉल लागत नाही तेव्हा साधा मेसेज अनेकदा जातो, आणि गावाबाहेरचा एक नातेवाईक सगळ्यांनी मिळून ठरवला की निरोप त्याच्याकडे जमा होतात. नंबर कागदावर लिहिलेला हवा. मुलीला आईचाही पाठ नव्हता.

गाडी बर्फात अडकली तर ती सोडून चालत निघू नये. इंजिन तासातून दहाएक मिनिटंच चालवायचं, आणि त्याआधी उतरून धुराड्याच्या नळीभोवतीचा बर्फ काढायचा. तोच विषारी वायू इथंही असतो.

(साडेनऊ. आई मेन स्विचकडे जाते, पण हात मागे घेते.)

आधी हीटर, गिझर, इस्त्री, सगळ्यांची बटणं बंद करावी लागतात. खरोखरची वीज परत येते तेव्हा साऱ्या वस्तीतल्या मशीन एकदम चालू होतात आणि तो ताण सोसला नाही की पुन्हा अंधार. फक्त एक दिवा चालू ठेवायचा, वीज आली हे कळायला.

स्विच वर गेला. दिवा लागला, फ्रीज गुरगुरला, बाळ दचकून रडायला लागलं. वहीत १७ ओळी झाल्या होत्या. आईनं त्यातलं पान फाडून दाराला चिकटवलं. बाबा गळके सेल कागदात गुंडाळत होते.

"पुढच्या वेळी स्विच मी पाडणार," मुलगी म्हणाली. "आणि कधी ते सांगणार नाही."