पंपाले किती टाकू?

(दृश्य: यवतमाळ जिल्हा. पऱ्हाटीचं वावर. धुऱ्यावर फवारणीचा पंप आणि पाण्याचा ड्रम.)

कपाशीला पात्या-फुलं लागली की फवारणी सुरू होते. कृषी केंद्रातून बाटली येते, सोबत घडी घातलेलं माहितीपत्रक. त्यावरचं अक्षर चष्मा लावूनही लागत नाही. मात्रा लिहिलेली असते हेक्टरी. वावरात प्रश्न असतो, "पंपाले किती टाकू?" उत्तर मिळतं ते झाकणाच्या अंदाजानं.

२०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. औषधांची मिश्रणं, डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, उघडी तोंडं, उघडे हात. एकच कारण नव्हतं. पण हातातली बाटली काय सांगते, हे फवारणाऱ्याला कळायलाच हवं.

(दृश्य: बाटलीवर धरलेला मोबाइल.)

कॅमेरा बाटलीवर धरला की स्क्रीनवर बाटली तशीच दिसते आणि छापील मजकुरावर मराठी अक्षरं चढतात. समोरच्या वस्तूवरच माहिती दाखवायची, हीच ऑगमेंटेड रिॲलिटी. १९९० च्या सुमारास बोइंग या विमान कंपनीत हे नाव पुढे आलं, विमानातल्या वायरी जोडणाऱ्या कामगारांसाठी काम करताना. सूचना बघायला काम सोडून तक्त्याकडे वळावं लागू नये म्हणून. म्हणजे तिला नाव मिळालं तेच हातानं काम करणाऱ्यांचा विचार करताना. मग वावरातल्या मजुराचा तिच्यावर हक्क का नसावा?

ज्याला वाचता येत नाही, त्याला मात्र अक्षरं मोठी करून भागत नाही. त्याच्यासाठी बाटलीवरचा रंगीत त्रिकोण ठळक उठून दिसावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आणि सोबत आवाज यावा: "लाल हाये. मोजे घाल, तोंड बांध."

औषधानं भरलेलं बोट स्क्रीनला लावता येत नाही, म्हणून विचारणंही तोंडीच हवं, वऱ्हाडीत. धुऱ्यावर रेंज नसली तरी चालायला हवं.

(दृश्य: पंपात पाणी ओतणारे हात.)

हेक्टरी मात्रेवरून पंपाचा हिशोब कृत्रिम बुद्धिमत्ता चटकन करून देईल. पण आकडा लेबलवरूनच घेतलेला हवा. लेबल फाटलेलं, पुसलेलं असेल, तर अंदाज नको. तिनं स्पष्ट सांगावं: "मले दिसत नाही. टाकू नको. आधी कृषी सहायकाले विचार."