सोन्याला विटेचा वळसा कशाला?

मंडळी, पत्रिकेवर विषयाचं नाव लांबलचक छापलंय, पण माझं म्हणणं एका दमात सांगता येतं. जुन्या सर्किट बोर्डांतून सोनं काढणारे लोक ते आम्लात विरघळवतात, शुद्ध करतात आणि त्याची वीट पाडतात. सोन्याचे नॅनोकण, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांशात मोजायचे कण, करणारे लोक शुद्ध सोनं घेतात, ते आम्लात विरघळवतात आणि मग कामाला लागतात. एकानं द्रावणाचं घन करायचं, दुसऱ्यानं त्याच घनाचं पुन्हा द्रावण. मधली वीट कशासाठी? हा माझा प्रश्न. उत्तराकडे येतोच, पण आम्लराजाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ज्यांनी ती माझ्या तोंडून आधी ऐकलीय, त्यांनी कृपा करून चेहऱ्यावर दाखवू नये.

एप्रिल 1940. जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलंय. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या तिथल्या संस्थेत दोन नोबेल पदकं सांभाळायला ठेवलेली आहेत, माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांची. जर्मनीतून सोनं बाहेर पाठवणं हा तेव्हा गंभीर गुन्हा होता, आणि पदकांवर तर मालकाचं नाव कोरलेलं! सापडली असती तर फॉन लाउए यांची धडगत नव्हती, कारण ते जर्मनीतच होते. संस्थेत जॉर्ज द हेवेशी नावाचे रसायनज्ञ काम करत होते. ते म्हणाले, पुरून टाकू. बोर म्हणाले, उकरून काढतील. मग हेवेशींनी आम्लराज घेतलं, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक भाग नायट्रिक आम्ल, आणि रस्त्यावरून सैन्य चाललेलं असताना पदकं विरघळवत बसले. सोनं सहजासहजी विरघळत नाही, पदकंही चांगली जाडजूड. काम रेंगाळलं. शेवटी केशरी द्रावण तयार झालं, ते फळीवर ठेवलं गेलं. प्रयोगशाळेतल्या फळीवरच्या बाटलीकडे कोण बघतो? आमच्याकडे तर ती कुणाची आहे हेही कुणी सांगत नाही.

1943 मध्ये हेवेशींना स्वीडनला निघून जावं लागलं. युद्ध संपल्यावर पाहिलं तर द्रावण जागच्या जागी. त्यातलं सोनं खाली बसवून परत मिळवलं, त्याची नवी पदकं ओतली गेली, आणि फ्रांक यांना त्यांचं पदक 1952 मध्ये पुन्हा देण्यात आलं.

ही गोष्ट मी उगाच लांबवत नाही. (मागच्या रांगेतून हसू आलं ते मी ऐकलंय.) सोनं द्रावणात गेलं म्हणून हरवत नाही, हे तिच्यात आहे. नायट्रिक आम्ल धातूच्या पृष्ठभागावरचे थोडे अणू आयनरूपात सोडवतं, पण एकट्याच्या बळावर फार पुढे जात नाही. हायड्रोक्लोरिक आम्लातले क्लोराइड आयन त्या सोन्याभोवती चौघे मिळून असे उभे राहतात की त्याला मागे फिरता येत नाही. एक दार उघडतो, दुसरा ते मागून लावून घेतो. सर्किट बोर्डावरच्या सोन्याच्या मुलाम्याचंही हेच होतं.

आता माझी एक तक्रार. जुना फोन म्हणजे सोन्याची खाण, अशी बातमी दर थोड्या दिवसांनी येते. एका फोनमध्ये सोनं असतं सुमारे 0.034 ग्रॅम. एका ग्रॅमसाठी तीसेक फोन लागतात. खाणीतल्या धातुकाशी तुलना केली तर बोर्ड श्रीमंतच ठरतो, कारण टनामागे काही ग्रॅम मिळाले तरी खाण चालते. पण बातमी वाचून घरच्या घरी आम्ल ओतणारे लोक आहेत. तपकिरी धूर, म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, फुप्फुसात जातो, आणि उरलेलं तांब्या-शिशाचं पाणी गटारात. कृपा करून असं करू नका. 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद फक्त 22.3 टक्क्यांची आहे. बाकीचा बराचसा अशाच धुरातून जातो.

तेवढंच 0.034 ग्रॅम सोनं 20 नॅनोमीटरच्या गोळ्यांमध्ये वाटलं तर साधारण 4 लाख अब्ज कण होतात. माझं मन बातमीपेक्षा तिथे रमतं. या आकाराचं सोनं पिवळं दिसत नाही, माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडेनं 1857 मध्ये असं लाल सोनं करून त्याच्यावर व्याख्यान दिलं. त्यात मीठ घातलं की द्रावण निळं पडतं, हेही त्यानं नोंदवलं. कणांवरचा विद्युतभार एकमेकांना दूर ठेवतो, मिठाने तो झाकला जातो, कण चिकटतात आणि रंग बदलतो. हे मीठ लक्षात ठेवा. घरच्या तपासणीपट्टीवर उमटणारी लाल रेघ बहुतेक वेळा याच कणांची असते. तिथे ते चिकटून चालत नाहीत, म्हणून...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं.

मूळ मुद्दा. बोर्डाच्या द्रावणात थेट सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, टाकून नॅनोकण का करू नयेत? तुर्केविच या रसायनज्ञानं 1951 मध्ये तीच रीत रूढ केली: सोन्याचं क्लोराइड उकळायचं, सायट्रेट घालायचं, लाल रंग येतो. पण बोर्डाच्या वजनात पाचवा हिस्सा तांबं असू शकतं, शिवाय डाखाचं कथिल, लोखंड, निकेल. आम्ल भरपूर, क्लोराइड भरपूर. फॅरडेचं मीठ इथे आहे. कण धड तयार व्हायच्या आत चिकटतील. म्हणून थेट नाही.

पण सोनं शुद्ध करणाऱ्यांचा एक टप्पा बघा. काही ठिकाणी क्लोराइड द्रावण डायब्यूटिल कार्बिटॉल या सेंद्रिय द्रावकाबरोबर ढवळतात. सोनं पाण्यातून द्रावकात जातं, तांबं मागे राहतं. सोबत आलेलं थोडं लोखंड आणि कथिल सौम्य आम्लानं धुऊन काढतात, मग ऑक्झॅलिक आम्लानं सोनं खाली पाडतात आणि वितळवतात. आता 1994 ची ब्रुस्ट आणि शिफ्रिन या रसायनज्ञांची नॅनोकण करायची रीत. तिथे काय करतात? सोन्याचं क्लोराइड पाण्यातून टोल्यूइन या सेंद्रिय द्रावकात नेतात, थायोल हे कणांवर बसून त्यांना वेगळं ठेवणारं गंधकाचं संयुग घालतात, बोरोहायड्राइडनं क्षपण करतात, म्हणजे आयनांचं पुन्हा धातू करतात, आणि 1 ते 3 नॅनोमीटरचे कण मिळतात. दोघंही सोनं पाण्यातून सेंद्रिय द्रावकातच नेतात! एकजण तिथून पुढे वीट पाडतो, दुसरा कण करतो. पहिल्याच्या टाकीतून दुसऱ्याला सोनं द्यायचं, एवढाच माझा प्रस्ताव.

अडचणी आहेत. दोघांचे द्रावक वेगळे, त्यामुळे रीत जशीच्या तशी चालणार नाही. थोडंसं कथिल राहिलं तरी कणांचा आकार बिघडू शकतो, आणि तपासणीपट्टीला आकारात कसर चालत नाही. उत्प्रेरकाला, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला, कदाचित चालेल, म्हणून सुरुवात तिथून करावी. शिवाय नॅनोकणांना लागणारं सोनं विटांच्या मानानं फार थोडं, त्यामुळे शुद्धीकरणाचे कारखाने माझ्यासाठी आपली भट्टी बंद करणार नाहीत. करूही नयेत. त्यांनी विटा पाडाव्यात, मला त्यांच्या टाकीतलं बादलीभर द्रावण हवंय, ऑक्झॅलिक आम्ल पडायच्या आधीचं.