खाली गेलेल्या रेघेकडेही बघा

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

विषय दिलाय ‘ईसीजीवरून बंद रक्तवाहिनी ओळखणे’. तिकडे येतोच, पण त्याआधी एक जुनं दुखणं. हातात ईसीजी देऊन लोक विचारतात, “डॉक्टर, यात ब्लॉकेज किती टक्के?” हसू नका, डॉक्टरांनीही विचारलंय. ईसीजीत टक्के नसतात. वाहिनी ७० टक्के अरुंद असली तरी माणूस निवांत पडलेला असेल, तर कागद स्वच्छ येऊ शकतो. टक्के बघायचे तर अँजिओग्राफी. ईसीजी सांगतो तो रक्तावाचून तडफडणाऱ्या स्नायूची जागा, आणि तिथून उलटं मागे जात आपण वाहिनीचा अंदाज बांधायचा.

दुसरं दुखणं कागदाच्या डोक्यावर छापलेलं असतं. यंत्राचा अभिप्राय! तेवढी ओळ वाचायची, घडी घालायची, फाइलला लावायचं. एका रात्री माझ्याकडे असाच कागद आला. घामाने डबडबलेला माणूस, छातीत दडपण, आणि वर छापलेलं की एसटीमध्ये, म्हणजे ठोक्याच्या टोकानंतरच्या रेघेच्या तुकड्यात, किरकोळ बदल. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर हुशार होता. म्हणाला, “सर, वर उचललेली एसटी कुठेच नाही.” खरंच नव्हती. पण छातीवरच्या व्ही१ ते व्ही३ या लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याची एकेक बाजू) एसटी सपाट होऊन चांगली दोन मिलिमीटर खाली बसली होती, आर हे ठोक्याचं टोक उंच होतं, त्यानंतरची टी लाट सरळ उभी. मी कागद उलटा केला, म्हणजे डोकं खाली, आणि मागच्या बाजूने दिव्यासमोर धरला. तो पोरगा बघतच राहिला. खाली बसलेली एसटी आता वर उचललेली दिसत होती. पाठीवर व्ही७ ते व्ही९ या जादा लीड लावल्या, तिथे ती सरळच उचललेली. हृदयाची मागची भिंत! अँजिओग्राफीत सर्कमफ्लेक्स, म्हणजे डावीकडून मागे वळणारी वाहिनी, पूर्ण बंद निघाली. (मागच्या भिंतीला कधीकधी उजवी वाहिनीही पुरवते, हे परीक्षेला लिहा.)

यात यंत्राला किती बोल लावायचा? ईसीजीचे जनक आइंटहोवेन यांना १९२४ साली नोबेल मिळालं. त्यांचं यंत्र पावणेतीनशे किलोच्या घरात, आणि रोग्याचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत. लीड तीनच. छातीवरची लीड विल्सन यांनी १९३०च्या दशकात आणली. आज आपण बारा मोजतो, पण त्यांतली एकही पाठीवर नाही. मागच्या भिंतीचं दुखणं पुढच्या लीडमध्ये उलटं होऊनच दिसणार. म्हणून माझा हट्ट एवढाच, की वर गेलेली रेघ सापडली तरी थांबू नका, विरुद्ध बाजूच्या लीडमध्ये खाली काय गेलंय तेही बघा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं. म्हणजे खरा विषय आता पळवावा लागणार.

लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये एसटी वर म्हणजे खालची भिंत. थ्रीमध्ये टूपेक्षा जास्त वर आणि एव्हीएल, म्हणजे डाव्या हाताची लीड, खाली, तर बहुधा उजवी वाहिनी. टूमध्ये थ्रीइतकी किंवा जास्त, आणि एव्हीएल खाली नाही, तर सर्कमफ्लेक्सचा संशय घ्या.

व्ही१ ते व्ही४ वर म्हणजे एलएडी, हृदयाच्या पुढच्या भिंतीची वाहिनी. सोबत एव्हीएल वर आणि खालच्या लीड खाली असतील, तर अडथळा वरच्या भागात, डायगोनल या तिच्या पहिल्या फांदीच्या आधी. स्नायू जास्त धोक्यात, घाई करा. एलएडी बंद असूनही एसटी वर न जाता खालून चढत उंच टोकदार टीला मिळते, तो डी विंटर नमुना. २००८ साली वर्णन झालेला, आणि यंत्राच्या ओळीवर विसंबलात तर हमखास निसटणारा.

एव्हीआर, म्हणजे उजव्या हाताची लीड, वर आणि बाकी बहुतेक ठिकाणी खाली? मुख्य डावी वाहिनी किंवा तिन्ही वाहिन्यांचा आजार मनात आणा, पण शिक्का मारू नका. तीव्र रक्तक्षय किंवा घसरलेला रक्तदाबही हेच चित्र काढतो. नुसत्या खाली गेलेल्या एसटीवरून वाहिनीचं नाव सांगणं एरवीही धोक्याचं, मागची भिंत हा अपवाद.

हं, आणखी एक मिनिट. खालच्या भिंतीचा झटका दिसला की व्ही४ची पट्टी छातीच्या उजव्या बाजूला तशाच जागी लावून पुन्हा ईसीजी काढा. तिथे एसटी वर असेल तर हृदयाचा खालचा उजवा कप्पाही झटक्यात सापडलाय, आणि जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिलंत तर रक्तदाब कोसळू शकतो. ती पट्टी गोळीच्या आधी. प्रश्न चहाच्या वेळी विचारा.